किती देते?

गाय, म्हैस आणि गाडी या तिघींबद्दल आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो : किती देते? रंग, वय, किंमत हे सगळं नंतर. लग्नाच्या मांडवात, सत्यनारायणाच्या पंगतीत, एकदा तर कुणाच्यातरी दहाव्याला घाटावर हा प्रश्न बाबांना विचारला गेलेला मी ऐकलाय. आणि ज्यांनी उभा जन्म सहकारी बँकेत इतरांच्या खात्यांतले पैशापैशाचे घोळ शोधण्यात घालवला, ते बाबा समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत सांगायचे, "बारा."

ती बारा देत नव्हती. साडेसात देत होती.

गाडी आली 2010 च्या सप्टेंबरात. आई त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाली होती, पैसे तिच्या ग्रॅच्युइटीचे होते आणि निवडही तिचीच. ऑटोमॅटिकच हवी, हा एकच हट्ट. तिचा डावा गुडघा कुरकुरायला लागून दहा वर्षं झाली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत कोथरूड डेपोचा सिग्नल येईपर्यंत क्लच दाबून दाबून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या काळी आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे एकतर पैसेवाल्यांचे चोचले, नाहीतर पायाने अधू माणसाची सोय. एएमटीवाल्या, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने हलवणाऱ्या स्वस्त गाड्या 2014 पासूनच्या. शोरूममधला मुलगा प्रामाणिक होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ही जरा पिते."

"मग पाजू तिला," आई म्हणाली आणि चेकबुक काढलं.

चेकवर सही आईची होती, पण हिशेब बाबांकडे गेला. डॅशबोर्डच्या कप्प्यात विमा कंपनीची खिशात मावणारी एक डायरी आली. तिच्यात पट्टीने आखलेले रकाने : दिनांक, किलोमीटर, लिटर, दर, ॲव्हरेज, चालक, शेरा. चालकाच्या रकान्यात 'आ' किंवा 'ब'. पद्धत शास्त्रशुद्ध होती. टाकी ऑटो-कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी पुन्हा ऑटो-कटपर्यंतच. पंपावरचा पोरगा सवयीने "काका, राउंड फिगर करू?" म्हणत नोझल पुन्हा दाबायला गेला, की बाबा त्याच्या मनगटावर हात ठेवायचे. पहिली चार वर्षं गावात साडेनऊच्या आगेमागे आणि कोल्हापूरच्या फेरीत तेराच्या थोडं वर, अशी समाधानी आकड्यांची रांग आहे. चार गिअरच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला याहून जास्त मागणं म्हणजे लोभ.

कंपनीच्या कागदावर अर्थात जास्त होतं. तो आकडा जिच्या नावाने छापतात ती गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1966 पासूनची संस्था, वेताळ टेकडीवर. तिच्यामुळे आम्ही कोथरूडकर टेकडीलाही एआरएआयची टेकडी म्हणतो आणि पहाटे तिथे गुडघे मोडत चढतो. गाडीचा 'ॲव्हरेज' रस्त्यावर काढत नाहीत, रोलरवर काढतात. गाडी जागची हलत नाही, चाकं फिरतात. वीसेक मिनिटांचं ठरलेलं वेळापत्रक असतं : इतके सेकंद थांबा, इतक्या वेगाने पळा, नव्वदच्या वर जाऊ नका. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, उलट दिशेने येणारा दुधवाला नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायचं तर असंच करावं लागतं, त्यात लबाडी काही नाही. बाबा म्हणायचे, "तो आकडा टेकडीवरचा आहे. आपण खाली राहतो."

2014 च्या पावसाळ्यापासून डायरी रुसली. साडेआठ, आठ, सात पूर्णांक आठ. दिवाळीपर्यंत साडेसात. गावातल्या फेऱ्या बहुतेक आईच्याच, त्यामुळे प्रत्येक आकड्यासमोर 'आ'. मंडई, सहकारनगरला मावशीकडे, गाण्याचा क्लास, परत मंडई. नोव्हेंबरातल्या एका ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी दोनच शब्द लिहिले : 'पाय जड'.

घरांत काही शब्द असे असतात की एकदा पडले की पडले. आमच्याकडे 'पाय जड' हा पुढची अकरा वर्षं वाक्प्रचार झाला. गॅस सिलिंडर लवकर संपला, आईचा पाय जड. विजेचं बिल वाढलं, पाय जड. मीसुद्धा म्हटलंय, लाज वाटते पण म्हटलंय. बाबा शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पायही रिकाम्या जागेवर दाबल्यासारखा व्हायचा. "अगं, हळू सोड. सोड हळू. बघ, परत ब्रेक मारलास, म्हणजे मघाचं पेट्रोल वाया." आई काही बोलायची नाही. शाळेत छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला वर्गातल्या कुठल्या आवाजाकडे दुर्लक्ष करायचं हे कळत असतं.

एकदाच बोलली होती. 2014 चाच पावसाळा असावा. जेवताना म्हणाली, "पूर्वी साठच्या पुढे गेली की ती एकदा हुश्श करून बसायची. आता बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?" बाबा.

"म्हणजे... बसत नाही. उभ्याउभ्याने पळते."

आम्ही दोघं हसलो. मी त्या वेळी बेंगळुरूला एका कंपनीत सेन्सरमधून येणारी आकडेवारी तपासायच्या कामावर होते, हे इथे नोंदवून ठेवते.

बाबांनी उपाय सोडले नाहीत. टायरमधली हवा दर रविवारी. एअर फिल्टर नवा, प्लग नवे, अलाइनमेंट दोनदा. पेट्रोल पंप तीन बदलले. पहाटे गार पेट्रोल दाट असतं म्हणून सहाला रांगेत उभं राहण्याचा एक काळ होऊन गेला, वास्तविक पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथल्या पेट्रोलला पहाट झाल्याचा पत्ताही नसतो. मग मेट्रोचं काम निघालं, पौड रस्ता आणि कर्वे रस्ता आक्रसले, आणि बाबांना एक सन्माननीय कारण मिळालं. 2022 च्या मार्चमध्ये वनाजहून मेट्रो धावू लागली. ॲव्हरेज तिथेच राहिलं.

ऑटोमॅटिक पिते का, हे एकदा नीट समजून घ्यायला मला पन्नाशी यावी लागली. साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यात क्लचची चकती असते, चिकटली की चिकटली. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने 1905 साली ही कल्पना जहाजांसाठी पेटंट केली. आजीच्या डेऱ्यासारखं आहे ते. रवी फिरते म्हणून ताक फिरतं. त्याच ताकात समोरून दुसरी रवी सोडली तर ताकाच्या जोरावर तीही फिरेल, पण पहिलीपेक्षा थोडी मागे राहून. इंजिन ही पहिली रवी, गिअरबॉक्स ही दुसरी आणि मधलं ताक म्हणजे लालसर पातळ तेल. दोघींची लोखंडाने गाठ नाही, म्हणून सिग्नलला गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही आणि गुडघा दुखत नाही. पण दुसरी रवी जितकी मागे राहते तितकं पेट्रोल नुसतं घुसळण्यात जातं आणि तेल गरम होतं. आईच्या गुडघ्याचं भाडं म्हणा.

हे भाडं कायम भरावं लागू नये म्हणून आत एक कडी ठेवलेली असते, लॉक-अप क्लच. वेग स्थिरावला की तो दोन्ही रव्यांना एकत्र जखडतो. मग घसरण शून्य, इंजिनाचे फेरे शे-दोनशेनी आपोआप उतरतात, आवाज खाली येतो. मात्र बऱ्याच गाड्यांना ही कडी लावायच्या आधी एक खातरजमा करायची असते : इंजिन पुरेसं तापलंय का? गार असेल तर कडी लागत नाही.

2025 चा ऑगस्ट. गाडीला पंधरा वर्षं होत आलेली, नोंदणीचं नूतनीकरण करायचं की तिला निरोप द्यायचा यावर घरात खल चाललेला. पाच वर्षांची मुदतवाढ, तिची 5000 रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि एवढं करून देणार साडेसात. बाबांचं मत निरोपाचं होतं. आईचं मत कुणी विचारलं नव्हतं. मी आठ दिवसांची रजा टाकून आले होते. येताना काडेपेटीएवढं एक स्कॅनर यंत्र आणलं होतं. स्टिअरिंगखाली खोचलं की गाडी ब्लूटूथवरून फोनशी बोलते.

बायपासला लागलो. मी चालवत होते, फोन बाबांच्या हातात.

"पाण्याचं तापमान किती?"

"चौसष्ट. ...बासष्ट. उतरतंय."

वारज्याचा उड्डाणपूल मागे पडला, वेग सत्तर, पारा साठावर. परत फिरून कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला अडकलो तर चौऱ्याहत्तर. म्हणजे पळाली की गार आणि थांबली की गरम. निरोगी इंजिन असं वागत नाही. एकदा तापलं की वाऱ्यात असो वा गर्दीत, ते ऐंशी-नव्वदच्या पट्ट्यात ठाण मांडून बसतं. आमच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. गार असताना एक निळा दिवा लागतो आणि फार तापली तर लाल. निळा केव्हाच विझलेला, लाल लागत नव्हता. या दोन दिव्यांच्या मधल्या अंधारात ती अकरा वर्षं कुडकुडत होती.

इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. तिच्या पोटात मेण. इंजिन गार आहे तोवर मेण घट्ट, दार बंद, पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं. ऐंशीच्या पुढे मेण वितळतं, फुगतं, खिट्टी ढकलतं आणि दार उघडतं. ना वीज, ना तार. ही झडपच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरचा वारा खात हिंडतं, म्हणजे बंब पेटवायचा आणि खालून तोटी उघडी ठेवायची. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक बिचारा जास्त पेट्रोल सोडत राहतो. तेल दाट राहतं. आणि ती कडी लागत नाही.

पण झडप नुसती बिघडली होती, की आणखी काही? रात्री डायरी घेऊन बसले. 2014 च्या मेपर्यंत मागे गेले आणि बाबांच्या टपोऱ्या अक्षरात सापडलं :

'18-5-14. खंबाटकी. गरम झाली. फॅन मोटर नवी 2200. वॉल काढला, मजुरी 350.'

मला तो दिवस आठवला. कोल्हापूरला चाललो होतो, मावसभावाच्या लग्नाला. घाटात ट्रकांची रांग, एसी चालू, गाडी मुंगीच्या चालीने, आणि वरच्या वळणावर लाल दिवा. कशीबशी पलीकडे उतरलो. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक कळकट, हसरा मिस्त्री होता. त्याने दहा मिनिटांत ओळखलं, रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळलीय. ती बदलली, आणि जाता जाता खबरदारी म्हणून थर्मोस्टॅटही उपसून टाकला. "साहेब, वॉल काढून टाकला. हा थंड मुलखातला पार्ट आहे, आपल्याकडच्या हवेला लागतच नाही. आता गाडी गरम होणार नाही म्हणजे नाही." शब्दाला जागला. गाडी पुन्हा कधीच गरम झाली नाही. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. महाराष्ट्रातल्या किती गाड्यांचे वॉल असे सद्भावनेने काढले गेले असतील याची गणतीच नाही.

पुरावा पहिल्यापासून त्याच डायरीत होता. सहा महिन्यांनी जिच्या पुढच्या पानावर 'पाय जड' लिहिलं गेलं, तिच्यातच.

कोथरूडमधल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने नळीचं तोंड उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, घर आहे, माणूस नाही." नवा थर्मोस्टॅट हजाराच्या आत आला, वर कूलंट आणि मजुरी. मग मी नको तो हिशेब केला. अकरा वर्षांत साठेक हजार किलोमीटर. साडेनऊच्या जवळपास द्यायला हवं होतं तिथे साडेसात. फरक जवळपास सतराशे लिटरचा. दोनशे लिटरची साडेआठ पिंपं. पेट्रोलचे दर या काळात सत्तरीतून शंभरीपार गेले, तेव्हा रक्कम दीड लाखाच्या घरात जाते.

दोनच किलोमीटरच्या फरकाने एवढं? मलाही आधी खरं वाटलं नाही. हा घोळ आपल्या प्रश्नाने केलाय. 'लिटरला किती देते' असं विचारलं की अठराची वीस झाली काय आणि साडेसातची साडेनऊ झाली काय, दोन्हीकडे दोनच दिसतात. युरोपात उलटं विचारतात, शंभर किलोमीटरला किती लिटर घेते. तसं मांडलं तर अठराची वीस झाल्यावर वाचतं अर्धा लिटर आणि साडेसातची साडेनऊ झाल्यावर पावणेतीन. म्हणजे सुधारायचीच असेल तर आधी जास्त पिणारी सुधारावी. बाबांना हे कागदावर करून दाखवलं. त्यांनी दोनदा आकडेमोड तपासली, बरोबर निघाली, तर म्हणाले, "पण असं कुणी विचारत नाही."

जुना आकडा पूर्ण परत आला नाही, हेही सांगायला हवं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की हिशेबाने सहा-सात टक्के घट आलीच. 2010 ची गाडी या इंधनासाठी घडवलेली नाही, तिच्या रबरी नळ्यांवर मी आता लक्ष ठेवून असते. शिरोळकडचे काका मात्र खूश. दरवर्षी त्यांचा ऊस कारखान्याला जातो. ते फोनवर म्हणाले, "म्हंजे आमचाच ऊस वहिनींच्या टाकीत की! मग दोन किलोमीटर कमी गेली तर काय बिघडलं?" बाबांनी फोन आईकडे दिला.

झडप बसवल्यानंतरच्या रविवारी आईला घेऊन बायपासला गेले. ती चालवत होती, त्र्याहत्तर वर्षांची, सीट पुढे ओढून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं, एवढंच. फोनवर तापमान अठ्ठ्याऐंशीला येऊन थांबलं. चांदणी चौक मागे पडला. पन्नास, पंचावन्न, साठ. तिचा पाय मी पहिल्यांदाच लक्ष देऊन बघत होते. पेटीच्या भात्यावर ठेवावा तसा हलका. बासष्टला इंजिनाचा सूर किंचित खाली आला, काटा दोनशे फेऱ्यांनी उतरला. मी स्कॅनरवर बघेपर्यंत ती म्हणून मोकळी झाली होती.

"बसली."

मी सगळं सांगितलं. खंबाटकी, वॉल, मेण, कडी, डायरीतली तारीख. ती ऐकत राहिली, मधेच एका टेम्पोला वाट दिली. मग म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." आवाज अजिबात चढलेला नव्हता. थोड्या वेळाने, "यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"डायरी बंद करून फिरायला गेले."

ती हसली नाही. सिंहगड रस्त्याच्या अलीकडे गाडी वळवली आणि येताना मंडईतून मटार घेतले.

पुढच्या महिन्यात नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. अर्ज बाबांनीच भरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी टाकी भरली, ऑटो-कटपर्यंत, आणि पंपाच्या कडेला गाडी लावून भागाकार केला. मी व्हिडिओ कॉलवर होते. पूर्ण महिनाभर गाडी आईनेच चालवली होती, सगळ्या फेऱ्या गावातल्या.

"किती?" मी विचारलं.

"आठ पूर्णांक नऊ."

चालकाच्या रकान्यात 'आ' लिहिलं. मग पेन शेऱ्यावर थांबलं. बराच वेळ थांबलं. शेवटी बाबांनी काय लिहिलं ते मला स्क्रीनवर दिसेना, म्हणून डायरी जवळ धरायला सांगितली.

'रस्ते रिकामे असावेत.'